खिडकीपुढची उत्तरं

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पिटुकलीची आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली. तक्रार तरी कसली, हसत हसतच आली; एका हातात डबा, खांद्याला पोरीचं दप्तर. "सर, एक सांगू का? रागावू नका. तीन दिवस झाले, ही मला आई म्हणत नाही." मी विचारलं, "मग काय म्हणते?" "शेजारच्या काकू." टेबलाभोवतीची सगळी मंडळी हसली. कॅमेरामनला तर ठसका लागला. बाईंना हुरूप आला. "सकाळी म्हणते, शेजारच्या काकू, माझी वेणी घाला. काल हिचे बाबा म्हणाले, अगं, ही तुझी आई ना? तर त्यांच्याकडे अशी बघायला लागली, जसे काही तेच चौकशीला आलेत. म्हणाली, माझी आई तिकडे रांगेत उभी आहे, हिरव्या शालीतली." पुन्हा हशा झाला. मी पिटुकलीला बोलावलं. सात वर्षांची पोर, समोरचे दोन दात पडलेले. आमच्या चित्रपटातलं मुख्य काम तिचं. मुलांशी बोलताना मी खाली बसतो. गुडघे आता कुरकुरतात, तरी बसतो. मान वर करून दिलेलं उत्तर खरं नसतं असा माझा अनुभव आहे. "काय गं, आईला काकू म्हणतेस म्हणे?" "हो." "का बरं?" "तुम्हीच सांगितलं." "ते इथे, सेटवर. घरी कशाला?" फळ्यावर चुकीचं गणित मांडणाऱ्या मास्तरांकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात, झोपेत कुणी विचारलं तरी हेच सांगायचं. आणि संपलं असं तुम्ही म्हणालाच नाहीत."

"संपलं," मी म्हणालो. ती वळली, आईच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, मला भूक लागली." इतकं सोपं होतं ते. मंडळी पुन्हा जेवायला लागली. मला मात्र उठता येईना. सहायकाने हात पुढे केला. "सर, पाय आखडला का?" मी हो म्हटलं. पायाचं कारण नेहमी चालतं.

मुलांकडून काम करून घेण्याची माझी एक पद्धत आहे. मी त्यांना संवाद पाठ करायला देत नाही. पाठ केलेलं वाक्य मुलाच्या डोळ्यांत आधी दिसतं आणि तोंडातून मागाहून येतं. मी त्यांना प्रश्न विचारतो. चित्रीकरणाच्या आधी दहा-अकरा दिवस, केव्हाही आणि कुठेही: जिना चढताना, बुटाचे बंद बांधताना, तोंडात घास असताना. नाव काय? कुठून आलात? किती जण? ही कोण? आणि ती पलीकडे उभी आहे ती? उत्तर देताना थांबायचं नाही, वर बघायचं नाही, विचारलंय तेवढंच सांगायचं. चुकलं तर मी रागावत नाही, फक्त "पुन्हा" म्हणतो. अकराव्या दिवशी कॅमेरा लावला, की मूल अभिनय करत नसतं, उत्तर देत असतं. आमच्या युनिटमध्ये याला "शिकवणी" म्हणतात. नऊ चित्रपट झाले माझे, तीसेक मुलांची शिकवणी मी घेतली असेल. या चित्रपटात मुलीने खिडकीपुढे आपल्या खऱ्या आईला शेजारची काकू म्हणायचं असतं; त्या आईचं काम करणारी नटी वेळेवर आली नाही म्हणून मी शिकवणीत पिटुकलीची जन्मदाती आईच वापरली. ती बिचारी कोपऱ्यात खुर्चीवर विणकाम करत बसलेली असायची, तिच्याकडे बोट दाखवून मी विचारायचो, ती कोण? पोर म्हणायची, शेजारची काकू. चूक माझीच. एकदा चित्रपट शिकवणाऱ्या एका संस्थेत व्याख्यानाला गेलो होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात? मी म्हटलं, अनुभवातून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या शब्दाला टाळ्या का पडतात कोण जाणे.

पद्धत माझी नाही. ती माझ्या आईची. म्हणजे जिला मी आई म्हणतो तिची. आणि जिला मी आई म्हणतो ती माझी बहीण आहे. हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, मनातल्या मनातसुद्धा नाही. माहीत नव्हतं असं मात्र नाही. सहा वर्षांच्या मुलाला आई आणि बहीण यांतला फरक कळतो. मला कळत होताच. पण कळणं आणि ते कळलेलं बाहेर काढून बघणं यांच्यामध्ये बावन्न वर्षं गेली, आणि ती कशी गेली हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. कामात गेली.

जेवणानंतर खिडकीचं दृश्य घ्यायचं होतं. सेट तयार होता: लाकडी शेड, तिच्या भिंतीत कापलेली चौकोनी खिडकी, खिडकीच्या आत फळी, फळीवर शाईचा पॅड आणि शिक्का. कलादिग्दर्शक फार नेटका माणूस. त्याने फळीच्या कडा झिजवूनही घेतल्या होत्या. मी त्या खिडकीपुढे जाऊन उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की आतलं सगळं मला दिसतंय. खुर्ची, पंखा, मागची फडताळं. सहाव्या वर्षी सीमेवर मी ज्या खऱ्या खिडकीपुढे उभा होतो, तीत मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. फळी माझ्या डोक्याच्या वर होती. मला दिसला तो फक्त एक हात, अधिकाऱ्याचा, केसाळ, मनगटाला घड्याळ. तो हात पुढे यायचा, कागद ओढून न्यायचा आणि शिक्का मारून परत सरकवायचा. माझ्या नऊही चित्रपटांत सरकारी माणसाचा चेहरा कधी दिसत नाही, हातच दिसतात. त्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं. सत्तेला चेहरा नसतो वगैरे. मी तेव्हा मान डोलावली. आता काय सांगणार, की बाबांनो, माझी उंची पुरत नव्हती.

त्या खिडकीपर्यंत पोचण्याआधी आम्ही आठ महिने छावणीत होतो. तंबूंच्या रांगा, तंबूंचे दोर जमिनीत ठोकलेले, पळताना मुलं त्यांत पाय अडकून पडायची. अजूनही मी मोकळ्या मैदानात चालताना पाय जरा उचलून टाकतो, आणि कॅमेरामन माझी नक्कल करून दाखवतो. तंबूत आम्ही तिघं: आई, सतरा वर्षांची बहीण आणि मी. वडील त्याआधीच गेले होते. त्यांची मला काहीच आठवण नाही, आणि नाही याचं दुःखही नाही. आईची आठवण मात्र असायला हवी होती. सहा वर्षं हा काही लहान काळ नव्हे. पण मी आठवायला बसलो की हिरवी शाल येते, शालीच्या वर चेहरा येतो, आणि तो चेहरा बहिणीचा असतो. शिकवणी इतकी पक्की झाली. मला स्पष्ट आठवतं ते असं: मी हातात दुधाचा डबा घेऊन तंबूत शिरतो, आई झोपते त्या जागी हिरवी शाल पांघरून बहीण बसलेली आहे, आणि ती म्हणते, आजपासून मी आई. बाकी त्या दिवसाचं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न. पाण्याच्या रांगेत, शौचाच्या रांगेत, अंगावर पाणी ओतताना. नाव काय? किती जण? ही कोण? आई. तुला बहीण आहे? होती, गेली. पुन्हा. इतक्या जोरात नाही. पुन्हा. अकरा दिवस. बाराव्या दिवशी खिडकी. हात पुढे आला, प्रश्न आले, मी उत्तरं दिली, शिक्का बसला. पलीकडे आल्यावर ती रस्त्याच्या कडेला बसली आणि ओकली. मग तिने तोंड पुसलं, माझा हात धरला आणि आम्ही चालायला लागलो. "संपलं" असं तीही म्हणाली नाही.

इकडे आल्यावर तिला काम मिळालं ते सिनेमाचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात. माझी सगळी कारकीर्द त्या कारखान्यातल्या कापायच्या टेबलाखाली सुरू झाली. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो, चिंध्यांच्या ढिगाऱ्यात. तिथून बायकांचे पाय दिसायचे आणि बोलणं ऐकू यायचं. कागदावर तेहेतीस वर्षांची असल्यामुळे तिला तेहेतीस वर्षांच्या बायकांत बसवलं होतं. त्या नवऱ्यांविषयी बोलायच्या, बाळंतपणांविषयी बोलायच्या, असल्या चेष्टा करायच्या की आज माझे कान लाल होतील. ही मान हलवायची. हसण्याची वेळ आली की बाकीच्यांहून थोडी उशिरा हसायची. कापड कापणारा एक कारागीर होता, चोविशीतला, कात्री चालवताना शीळ घालायचा. तो आला की हिच्या मशीनचा आवाज बदलायचा; टेबलाखालच्या नऊ वर्षांच्या पोराला हे कळायचं. पण कागदावर ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी आणि एका मुलाची आई. तो तिला वहिनी म्हणायचा. पुढे त्याच्या लग्नाचा कोट तिनेच शिवला. बाह्या दोनदा उसवल्या आणि पुन्हा शिवल्या, एवढंच मला दिसलं. ते मी माझ्या तिसऱ्या चित्रपटात घातलं, पण तिथे ती बाई विधवा केली आणि कोटाऐवजी पडदे केले. मी नेहमी असंच करत आलो: सगळं ठेवायचं, आणि जे खरं आहे तेवढं बदलायचं.

चित्रपटांत मी कसा आलो ते सांगण्यासारखं नाही. कपडे पोचवायला सेटवर जायचो, तिथेच राहिलो. सहायकाचा सहायक, मग सहायक, मग एका आजारी दिग्दर्शकाचे उरलेले चार दिवस मी पूर्ण केले आणि ते चार दिवस बाकीच्या चाळिसांपेक्षा बरे निघाले. पहिला चित्रपट छावणीतल्या मुलांवर होता, म्हणजे छावणी नाही, शाळेचं वसतिगृह होतं. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. शेवटी पडद्यावर अर्पणाची एकच ओळ यायची: आईस. पुढच्या प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी ती आली. लोक मला आयांचा दिग्दर्शक म्हणायला लागले. एक पुरस्कार तिच्यासह स्वीकारायला बोलावलं होतं. निवेदिकेने तिच्यापुढे माइक धरला आणि विचारलं, याच्या जन्माची काही आठवण सांगाल? मी माइकसाठी हात पुढे केला. ती मात्र एक क्षणही थांबली नाही, वर बघितलं नाही. सांगितलं, की पहाटे कळा सुरू झाल्या, सुईण नदीपलीकडे राहायची, पाणी तापवायला सरपण ओलं होतं, फुंकून फुंकून डोळे चुरचुरायला लागले, आणि आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा हातातलं भांडं निसटून पायावर पडलं. सभागृहात लोक डोळे पुसत होते. कुणाच्याही लक्षात आलं नाही, की बाळंतीण चुलीपुढे कशी काय बसली होती, आणि आवाज आतून आला म्हणजे ही कुठे होती? ती खरं तेच सांगत होती. अकरा वर्षांच्या मुलीने दाराबाहेरून पाहिलेला जन्म. माझ्या लक्षात आलं. मी टाळ्या वाजवल्या.

कागदावरचं वय तिने विनोदाने घेतलं असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मी. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला साठीची म्हणून निवृत्त केलं, तेव्हा कारखान्यातल्या बायका तिच्या केसांना हात लावून बघत होत्या. यंदा पंच्याऐंशी पूर्ण केलेल्यांना घरी येऊन तपासणारी नर्स आली, तेव्हा ही स्टुलावर चढून जळमटं काढत होती. नर्स म्हणाली, "आजी आहेत का घरात?" "मीच आजी." नर्सने वहीत बघितलं, हिच्याकडे बघितलं, परत वहीत बघितलं. "अहो, खाता तरी काय तुम्ही?" "लोकांचं डोकं," ही म्हणाली. हे मला तिने फोनवर सांगितलं आणि आम्ही खूप हसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली, "गुडघे मात्र दुखतात हं, आणि डॉक्टर म्हणतो, या वयात चालायचंच." तेव्हा मी विषय बदलला होता.

या दहाव्या चित्रपटात मी खिडकी पहिल्यांदाच घेत होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढं धैर्य पुष्कळ झालं, असं मला वाटत होतं. पण इथेही मी हात राखलाच. पटकथेत मुलाच्या जागी मुलगी केली. बहीण काढून टाकली. तिच्या जागी एक अनोळखी बाई घातली, जी या मुलीला आपली म्हणून नेते, आणि खरी आई मागे दुसऱ्या रांगेत जिवंत उभी राहते. निर्मात्याने विचारलं होतं, अनोळखी बाई कशाला, थोरली बहीण असती तर? मी म्हणालो, बहीण फार सोपी होते. त्याला ते पटलं. आता त्या नेटक्या खिडकीपुढे उभा असताना मला ते पटेना. मी सहायकाला सांगितलं, आजचं इथेच थांबवू. तो घाबरला. "सर, प्रकाश चांगला आहे." "प्रकाश उद्याही येईल." "तब्येत बरी नाही का?" "बरी आहे. दृश्य बरं नाही."

ती राहते ते घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दारावर आईच्या नावाची पाटी. बावन्न वर्षं ती त्याच नावाने राहते आहे, वीजबिलं त्याच नावाने येतात, शेजारणी त्याच नावाला "ताई" जोडून हाक मारतात. जिना चढताना मी पाटीवरचं नाव मनात म्हणून बघितलं. ते माझ्या आईचं नाव आहे असं मला काही केल्या वाटेना. दुपारचे साडेतीन वाजले होते. ती खिडकीजवळ बसून शेजारच्या मुलीच्या शाळेच्या झग्याची खालची शिवण उसवत होती. पोर उंच झाली म्हणून झगा लांब करायचा होता.

"आज लवकर?" तिने चष्म्यावरून बघितलं. "का, नटी रुसली?"

"नाही."

"मग तू रुसलास. बस. चहा तुझा तू कर, माझ्या मांडीवर काम आहे."

मी चहा केला नाही. मी तिला पिटुकलीची गोष्ट सांगितली. शेजारच्या काकू, माझी वेणी घाला, इथे आल्यावर ती इतकी हसली की तिला सुई बाजूला टोचून ठेवावी लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण तू तिला संपलं म्हणालास ना?"

"म्हणालो."

"लगेच?"

"लगेच."

"शहाणा आहेस," ती म्हणाली आणि पुन्हा शिवणीकडे वळली. मी तिच्या पायाशी सतरंजीवर बसलो होतो. प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. तीसेक मुलांना मी हजारो प्रश्न विचारले असतील. हा एक राहिला होता. प्रश्न अवघड नव्हता. तो विचारला की मी इतकी वर्षं विचारला नव्हता हे उघड होणार होतं, अडचण ती होती.

"आई कशाने गेली?" मी म्हणालो.

तिची मान वर झाली नाही. "कुणाची?"

"आपली."

तिने एक टाका उसवला, मग दुसरा. "तापाने," ती म्हणाली. "चार दिवस होता. चौथ्या दिवशी सकाळी उतरला, म्हणून तुला दूध आणायला पाठवलं. रांग मोठी होती. तू परत आलास तोवर आम्ही तिला हलवलं होतं. पलीकडच्या तंबूतल्या बाई होत्या मदतीला." ती नेमकं आणि क्रमाने सांगत होती, जणू बावन्न वर्षं तयारीतच होती. पलीकडे सोडायच्या लोकांची यादी दोन दिवस आधी वाचून दाखवली होती: आई, मुलगी, मुलगा. आई नाही म्हटल्यावर आमचं नाव यादीतून गेलं असतं. मुलांची शेड वेगळी, मुलींची वेगळी, आणि दोन्ही शेडमधली पोरं वेगवेगळ्या गाड्यांनी कुठे कुठे पाठवायचे. "मग मी सांगितलं, मुलगी गेली. बाईंनी साक्ष दिली. लाकडी पाटीवर माझं नाव घातलं, माझं वय घातलं. माझ्या नावाखाली आहे ती तिथे." मग म्हणाली, "अक्षर चांगलं आलं होतं. मीच लिहिलं."

"आणि मी आलो तेव्हा?"

"आलास, डबा ठेवलास. मी म्हटलं, आजपासून मी आई."

"मग?"

"बरं म्हणालास."

"एवढंच?"

"बरं म्हणालास, आणि दूध प्यायलास." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू दुधाच्या रांगेत होतास तोवर मी तयारी करून ठेवली होती, तू रडशील, विचारशील, तर काय सांगायचं याची. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, उद्या विचारेल. मग वाटलं, पलीकडे पोचल्यावर विचारेल. मग शाळा, मग तुझे सिनेमे. पेपरात छापून यायचं, आईने हाताला धरून आणलं. मी म्हणायचे, असू दे, नाव तर तिचंच होतंय."

"तू का नाही सांगितलंस?"

"विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हे मीच शिकवलं होतं ना. तुला एकट्याला थोडंच लागू होतं ते?" ती हसली. मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाली, "कधी कधी शिवताना मात्र वाटायचं, या सगळ्यात मी कुठे आहे."

मी घाईघाईने बोलायला लागलो. चित्रपटात बहीण घालतो, पटकथा अजून बदलता येईल, खिडकी अजून घेतलेली नाही. शेवटी पडद्यावर 'आईस' असं येतं तेही बदलतो. वकिलाला विचारून कागद नीट करून घेऊ, आता एवढ्या वर्षांनी कोण काय करणार आहे. ती ऐकत राहिली, आणि हट्टी मुलाचा आवेग ओसरू द्यावा तसं तिने मला बोलू दिलं. "कागदाला हात लावू नकोस," ती शेवटी म्हणाली. "या वयात सोळा वर्षांनी लहान झाले, तर त्या नर्सला चक्कर येईल. आणि तिकडे पाटीवर आहे ती कोण, हा प्रश्न निघेल. निजलीय ती, निजू दे. सिनेमात काय करायचं ते कर, तो तुझा धंदा आहे."

"मग तुला काय हवं?"

"हाक मार मला."

मला समजलं नाही. "अक्का," मी म्हणालो.

"अक्का मला रांगेतली सगळी पोरं म्हणायची. तू नाही."

"नावाने?"

"नावाने आई हाक मारायची. तू तुझं काहीतरी केलं होतंस, बोलायला लागलास तेव्हापासून. दिवसातून शंभर वेळा. खिडकीच्या दिवसापासून बंद झालं. आधी अकरा दिवस चुकून यायचं, मी चिमटा काढायचे." तिने झगा उलटा केला. "तेवढं एक तुझं मी मोडलं."

मी आठवायला लागलो. काही नव्हतं. हिरवी शाल, दोर, डबा, केसाळ हात; चित्रं सगळी जागच्या जागी, आवाज एकही नाही. "सांग ना," मी म्हणालो. "तुला आठवत असेल."

"मला आठवतं. पण सांगून मारलेली हाक ती हाक का? तुझ्या त्या मुलांना तू वाक्यं पाठ करायला देतोस?" तिने खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून उजेडात बसली. "चल. काय जे तोंडात येईल ते."

"तायडी."

"नाही."

"माऊ."

"मांजर होते का मी?"

"चिऊ. मनी. बिट्टी."

"ही काय हाक आहे? भाजीवाल्याच्या पोरींची हजेरी घेतोयस?"

फोन वाजला. सहायक होता. "सर, उद्या खिडकी किती वाजता लावायची?" "उद्या नाही," मी म्हणालो, "आधी बहीण शोधायची आहे." "कास्टिंगवाल्यांना सांगू?" "नको. सापडली की मी सांगतो." तिचे खांदे हलले, ती हसत होती, पण वळली नाही. मी पुन्हा सुरू केलं. दादू. "मेल्या, मी मुलगी." छकी. नानी. भाबी. प्रत्येक हाक खोलीत जाऊन पडत होती, परत येत नव्हती. मला कळत होतं की मी विचार करून बोलतोय, शोभेल असं निवडतोय, आणि अशा वेळी मुलाला मी काय सांगितलं असतं तेही कळत होतं. मी भिंतीला टेकलो, डोळे मिटले. तिच्या मांडीचा वास आठवला, साबणाचा नव्हे, ओल्या कापडाचा. ती मांडी हलवायची आणि मी झोपत नाही म्हणून दमून तिचाच डोळा लागायचा, मग मी तिला उठवायचो, तिचा गाल ओढून, पुन्हा पुन्हा, काहीतरी म्हणत. त्या हाकेला ओठ लागत नव्हते. जीभ दातांच्या मागे लागत होती.

"निन्नी," मी म्हणालो.

दोरा ओढणारा तिचा हात अर्ध्यावर थांबला. खाली कुणीतरी सायकल उभी केली, तिचा स्टँड वाजला. ती वळली नाही.

"जवळ आलास," ती म्हणाली.